घरच्या टोमॅटोचं बी दर हंगामात का फसतं?

घरच्या टोमॅटोचं बी धरण्यातली खरी अडचण ही, की चूक होते एका हंगामात आणि कळते पुढच्या हंगामात. ट्रेमध्ये काही उगवलं नाही की आपण मातीला बोल लावतो, पाणी जास्त झालं म्हणतो, ऊन कमी पडलं म्हणतो. बी मात्र सहा महिन्यांपूर्वीच बरणीत मेलेलं असतं. मग पुढच्या वेळी आपण माती बदलतो आणि बी पुन्हा तसंच धरतो.

माझे सलग तीन हंगाम असे गेले. बियाभोवतीची बुळबुळ सुटावी म्हणून ते गरासकट भांड्यात आंबवतात. पहिल्यांदा त्या भांड्यातच बियांना मोड आले. त्या धास्तीने दुसऱ्या वर्षी आंबवणं लवकर आटोपलं. बी दिसायला सुरेख होतं, पण पेरायला बरणी उघडली तर कुबट वास आणि बियांचा गठ्ठा. तिसऱ्या वर्षी वीसपैकी अठरा बिया उगवल्या, झाडं जोमात वाढली, पण फळं मूळ वाणापेक्षा वेगळीच लागली. दर वेळी मी मागच्या वर्षीची चूक सुधारत होतो आणि नवी करत होतो. बी धरण्याची कृती पाठ असून भागत नाही, बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला ते ओळखता यावं लागतं. बहुतेकांचा पहिला संशय आंबवण्यावर जातो, कारण तोच भाग घाणीचा आणि वासाचा. माझा संशय आधी वाळवण्यावर जातो, आणि तो सहसा खरा ठरतो.

बी जिवंत आहे का, ते आधी बघा

हा निकाल मातीत लावू नका, तिथे फार गोष्टींची सरमिसळ असते. वीस बिया मोजून घ्या. कागदी रुमाल ओला करून पिळा, त्यावर बिया सुट्या पसरा, गुंडाळी करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. झाकण किंचित सैल असू द्या. रोज एकदा उघडून बघा, कागद सुकत असेल तर पाणी शिंपडा.

डबा कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. टोमॅटोचं बी २५ ते ३० अंश सेल्सियसला साधारण ६ दिवसांत उगवतं. २० अंशांना ८ दिवस लागतात, १५ अंशांना १४, आणि १० अंशांना तब्बल ४३. उलट बाजूला ३५ अंशांना ९ दिवस लागतात आणि ४० अंशांना उगवणच होत नाही. थंड खोलीत दहा दिवस वाट पाहून ‘बी मेलं’ म्हणणाऱ्यांनी कितीतरी चांगलं बी फेकलं असेल. भर उन्हाळ्यात पत्र्याखाली ट्रे ठेवणाऱ्यांचंही तेच.

वीसपैकी सोळा-सतरा उगवल्या तर बियांना दोष देऊ नका, दोष पेरणीत आहे. खोल पेरलं असेल. अर्धा ते एक सेंटिमीटर पुरे. किंवा रोप वर येऊन जमिनीलगत चिमटल्यासारखं होत असेल आणि दोन दिवसांत आडवं पडत असेल. ही पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशींची करणी. माती कमी ओली ठेवणं, रोपांत वारा खेळता ठेवणं हा त्यावरचा उपाय. रोप वर आलं पण बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकलं, तर तेही बियाचं दुखणं नव्हे. बी फार वरवर पेरलं गेलं किंवा माती वरून सुकली. टोपीवर पाण्याचा थेंब ठेवा, तासाभराने हळूच काढा. ओढून काढाल तर बीजपत्रंही हातात येतील.

पाच-सहाच उगवल्या, त्याही मागे-पुढे, तर बी म्हातारं झालंय किंवा सादळलंय. एकही उगवली नाही तर बरणीतल्या बाकीच्या बिया पांढऱ्या कागदावर ओता आणि उजेडात नीट पाहा.

बिया काय सांगतात

चांगलं बी चपटं, फिकट, राखाडी-पिवळसर आणि मखमलीसारखं लवदार असतं. ही लव म्हणजे बुरशी नव्हे. नव्याने बी धरणारे हमखास घाबरतात. विकतचं बी गुळगुळीत दिसतं कारण ते वेगळ्या प्रक्रियेतून गेलेलं असतं.

बी कागदासारखं पातळ आणि दाबल्यावर पोकळ लागलं तर ते पोचट आहे. फळ कच्चं होतं किंवा झाड आजारी होतं. बियाच्या टोकाला सुकलेला पांढरा ठिपका किंवा धाग्यासारखी शेपटी असेल तर मोड फुटून वाळलाय. अशा बियांची आशा सोडा. बी काळपट पडलं असेल तर ते आंबवताना जास्त दिवस राहिलं किंवा फार सावकाश वाळलं. गठ्ठे असतील आणि कुबट वास असेल, तर आता सांगतो ते वाचा.

वाळवणं

‘आठवडाभर सावलीत वाळवलं’ असं सगळे सांगतात, मीही सांगायचो. पण दिवस मोजून बी वाळत नाही. हवेत जितका दमटपणा असतो त्याच्याशी जुळेल इतकी ओल बी स्वतःत धरून ठेवतं आणि तिथेच थांबतं. दमट हवेत आठवडा ठेवा नाहीतर महिना, ठरावीक पातळीखाली ते वाळणारच नाही. वरून कोरडं लागतं, बोटाला चिकटत नाही, आपण हवाबंद बरणीत भरतो. आत अडकलेल्या ओलीमुळे मग बी श्वास घेत घेत स्वतःच संपतं. दुसऱ्या वर्षी माझं हेच झालं. बरणी जितकी घट्ट, तितका घात मोठा.

ओल इतकी महत्त्वाची का, याचा एक जुना ठोकताळा आहे. बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांच्या नावाने तो ओळखला जातो. बियातली ओल १ टक्क्याने घटली की साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सियसने घटलं की पुन्हा दुप्पट. ओलीचा नियम ५ ते १४ टक्क्यांच्या पट्ट्यात लागू पडतो. म्हणजे १२ टक्क्यांवर भरलेलं बी आणि ८ टक्क्यांवर भरलेलं बी यांत चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापटीचा फरक. फ्रिजची धडपड करण्याआधी वाळवण्याकडे का बघावं, ते यावरून कळेल.

आता प्रत्यक्ष कृती. धुतलेलं बी गाळणीत निथळून घ्या, गाळणी खालून फडक्याने टिपा. मग चिनी मातीच्या ताटलीत किंवा बारीक जाळीवर एका थरात पसरा. कागदावर नको, बी असं चिकटतं की काढताना कागद बियासोबतच येतो. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा बोटांनी हलवा, गोळे झाले तर तळव्यांत चोळून सुटे करा. पहिले चोवीस तास सर्वांत नाजूक, कारण ओलं बी उबेत रेंगाळलं तर ताटलीतच मोड काढतं. पंख्याचा वारा चांगला, कडक ऊन नको. ओव्हन तर अजिबात नको. हवा ३५ अंशांपलीकडे जाऊ देऊ नका.

बाहेर जितकं वाळायचं तितकं वाळलं की सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे, वापरा. बियांच्या वजनाइतकंच सिलिका जेल, दोन्ही एका बरणीत, बी कागदी पाकिटात. आठवडाभराने सिलिका काढून घ्या. बी किती असतं म्हणाल तर एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया बसतात, त्यामुळे घरच्या बियांना चिमूटभर सिलिकाही भरपूर होतं. नव्या वस्तूंच्या खोक्यांतून येणाऱ्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. तापवून सुकवल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

वाळलं की नाही याची परीक्षा सोपी: एक बी दुमडून बघा. वाकलं तर ओल आहे, कट्कन तुटलं तर भरा.

साठवण

काचेची, रबरी वायसर असलेली बरणी. प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून दमटपणा सावकाश आत जातोच. थंड आणि अंधारी जागा हवी. हॅरिंग्टन यांचाच आणखी एक हिशेब: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज १०० च्या आत असावी. खोली ७७ फॅरनहाइट, म्हणजे २५ अंश सेल्सियस, आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर बेरीज १३७. अशा खोलीत उघड्या पाकिटातलं बी टिकायचं नाही.

फ्रिज चांगला, पण तिथली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे थंडगार बरणी बाहेर काढून लगेच उघडणं. हवेतलं पाणी बियांवर जमतं, आपण चार बिया घेऊन बरणी परत आत ठेवतो, आणि महिनाभर जपून केलेलं वाळवण दोन मिनिटांत वाया जातं. बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकणाला हात लावू नका. फ्रीझरमध्ये फक्त कडक वाळलेलं बी. ओलं असेल तर आत बर्फ होऊन गर्भ मरतो.

नीट वाळवलेलं टोमॅटोचं बी साध्या थंड जागीही चार-पाच वर्षं काढतं. वर्षभरात मेलं असेल तर वयाला दोष देऊ नका.

आंबवताना मोड आले

प्रत्येक बियाभोवती बुळबुळीत पिशवी असते. तिच्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून तर फळाच्या इतक्या ओल्या गरात बी महिनाभर गप्प बसतं. आंबवताना ही पिशवी विरघळते, म्हणजे बियाला आवरून धरणारंच निघून जातं. मग उबदार पाण्यात पडलेलं बी कशाला थांबेल?

म्हणून ‘तीन दिवस’ हा आकडा डोक्यातून काढा. २० अंशांच्या आसपास तीन दिवस लागतात, कधी चौथाही. ३० अंशांना एक ते दोन दिवसांत काम होतं. दिवसातून दोनदा ढवळा आणि प्रत्येक वेळी दोन-चार बिया बोटांत चोळा. बुळबुळ निघून बी खरखरीत लागलं की झालं. त्याच क्षणी धुवा, ‘उद्या सकाळी बघू’ नको. वर पांढरा पापुद्रा येणं ठीक, पण तो न येताही बुळबुळ सुटू शकते. पापुद्र्याची वाट बघणारे फसतात.

दुसरी चूक पाण्याची. गर पातळ दिसतो म्हणून लोक भांडं भरून पाणी ओततात. त्याने उगवण रोखणारी द्रव्यं पातळ होतात आणि मोड लवकर येतात. फळाचा स्वतःचा रस पुरतो. फारच घट्ट असेल तर थोडंसं पाणी.

धुताना पाणी भरून ढवळा, बी तळाशी जाऊ द्या, वरचा गाळ ओता. तरंगणारं बी पोचट हे खरं, पण आंबवणं पुरं झाल्यावरच. आधी बुडबुडे चिकटून चांगलं बीही तरंगतं, आणि घाईघाईने ते मोरीत जातं.

आंबवणं सक्तीचं मात्र नाही. दोन-तीन फळांचंच बी असेल तर गाळणीवर घासून, भरपूर पाण्याने बुळबुळ काढून थेट वाळवलं तरी उगवतं. आंबवण्याने बियावरचे काही जिवाणू कमी होतात, हा त्याचा वेगळा फायदा.

फळ निवडताना

इथे एक घरगुती सवय नडते. चांगली फळं खाऊन होतात आणि हंगामाच्या शेवटी, झाड थकल्यावर, वेलीवर राहिलेलं वेडंवाकडं फळ ‘बियाला ठेवू’ म्हणून राहतं. त्यातूनच पोचट बी येतं. बियाचं फळ हंगामाच्या मध्यात ठरवा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि घरात सांगून ठेवा.

निवड झाडाची करा, फळाची नव्हे. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाच्या एकाच झाडावरच्या मोठ्या आणि लहान फळांतलं बी गुणांनी सारखंच असतं. सर्वांत मोठं फळ बियाला राखून पुढच्या वर्षी फळं मोठी होत नाहीत. झाड निरोगी आहे का, लवकर धरलं का, चव कशी, हे बघा.

फूल धरल्यापासून फळ पिकायला साधारण ४० ते ६० दिवस जातात. बियाला फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, किंचित मऊ होऊ द्या. पण अति नको, फार पिकलेल्या फळात बी आतल्या आत मोड काढतं. फळ कापल्यावर पांढरे धागे दिसले तर तेच. तडकलेलं फळ चालतं. टोकाला काळा डाग पडलेलंही चालतं, तो कॅल्शियम नीट न पोचल्याचा दोष, बियातून पुढे जात नाही.

उगवलं, पण फळ वेगळंच आलं

पहिला प्रश्न: मूळ झाड संकरित होतं का? पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ असेल तर बाकी काही तपासू नका. संकरित झाडात दोन वेगळ्या आईबापांचे गुण जोडीने असतात आणि पुढच्या पिढीत त्या जोड्या फुटतात. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला तीनास एक हा हिशेब इथेही चालतो. उदाहरणार्थ, झाड बुटकं राहण्याचा गुण टोमॅटोत लपून राहणारा आहे. उंच वेलीच्या संकरित झाडाने तो पोटात लपवला असेल, तर त्याच्या बियातून आलेल्या चार झाडांमागे एक झुडपासारखं बुटकं निघतं. रोगप्रतिकाराचंही तसंच. फ्युजेरियम मर, म्हणजे झाड सुकवून मारणारा बुरशीचा रोग, त्याला दाद न देणारा गुण एकाच पालकाकडून आला असेल, तर पुढच्या पिढीत चारांतल्या एका रोपाला तो मिळत नाही. असे पाच-दहा गुण एकाच वेळी विखुरतात, म्हणून प्रत्येक झाड वेगळं दिसतं. तुमचं काही चुकलेलं नसतं. गंमत म्हणून वाढवा, एखादं आवडलं तर त्याचं बी सहा-सात पिढ्या निवडून धरा, हळूहळू ते स्थिर होत जाईल. पण तेच फळ हवं असेल तर एफ-१ चं बी धरू नका.

वाण सरळ होतं आणि तरी फळ बदललं, तर परागाची भेसळ झाली. टोमॅटोचं फूल बहुतांशी स्वतःचाच पराग घेतं. पुंकेसरांची नळी असते आणि पराग झेलणारी कुक्षी तिच्या आत लपलेली असते. पण सगळ्या वाणांत ती लपत नाही. बटाट्यासारखी अखंड कडांची पानं असलेले वाण, अगदी बारीक फळांचे वाण, आणि मोठ्या फळांच्या वाणांची ती जाड, जोडफुलं यांत कुक्षी बाहेर डोकावू शकते. मधमाशीला तेवढं पुरतं. भिंग घेऊन फुलात बघा, नळीच्या टोकातून हिरवा ठिपका बाहेर दिसला तर त्या वाणाला राखण हवी.

राखण म्हणजे पातळ जाळीदार कापडाची पिशवी. कळ्या उमलायच्या आधी घोसावर चढवा आणि तोंड सैल बांधा. रोज सकाळी घोस बोटाने टिचकवा म्हणजे पराग आतल्या आत पडेल. फळं वाटाण्याएवढी झाली की पिशवी काढा आणि त्याच घोसाला दोरा बांधा. हा दोरा विसरलात तर पिशवीचे सगळे कष्ट वाया. मी विसरलो आहे.

बटाटापानी वाणांत मात्र निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. हे पान लपून राहणाऱ्या गुणाचं असल्याने, साध्या पानाच्या वाणाशी संकर झाला की रोपाला साधी, दातेरी पानं येतात. म्हणजे ब्रँडीवाइनसारख्या वाणाचं बी पेरलं आणि ट्रेमध्ये दातेरी पानांचं रोप दिसलं की ते उपटा, फळाची वाट बघायला नको.

एक तिसरी शक्यता सांगायला लाज वाटते, पण ती फार घडते: पाकिटं बदलली. नाव आणि साल पेन्सिलने लिहून चिठ्ठी बरणीच्या आत ठेवा. शाईचं लेबल फ्रिजमधल्या ओलीने पुसलं जातं.

रोग बियातून आला असेल तर

पानांवर फिकट-गडद हिरव्या ठिगळांची नक्षी आणि पानं आकसलेली असतील तर मोझॅक विषाणूचा संशय घ्या आणि त्या झाडाचं बी धरूच नका. विषाणू बियाच्या सालीवर बसून पुढे जातो आणि आंबवण्याने त्याची खात्रीने वाट लागत नाही. फळावर तपकिरी मध्य आणि भोवती पांढरं कडं, पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके दिसले तर तो जिवाणूजन्य कँकर. तेही झाड वर्ज्य.

अगदी दुर्मीळ वाण असेल आणि जिवाणूची भीती असेल तर गरम पाण्याची बीजप्रक्रिया आहे. बी आधी दहा मिनिटं ३७ अंशांच्या पाण्यात, मग २५ मिनिटं बरोबर ५० अंशांच्या पाण्यात, नंतर थंड पाण्यात आणि लगेच वाळवायचं. तापमापी नसेल तर या वाटेला जाऊ नका. दोन-चार अंश वर गेले तर जिवाणूसोबत बीही जातं. जुन्या, अशक्त बियांवर तर हा प्रयोग नकोच.

बरणी जवळजवळ मेली असेल तर

वीसपैकी एकच बी उगवलं असेल तरी वाण गेला असं समजू नका. उरलेल्या सगळ्या बिया ओल्या कागदात २५ ते २८ अंशांना ठेवा आणि तीन आठवडे धीर धरा. म्हातारं बी उशिरा उठतं. मोड दिसला की लांब मूळ फुटायच्या आत चिमट्याने उचलून मातीत ठेवा. टोमॅटोला स्वतःचाच पराग चालतो, त्यामुळे जगलेलं एक झाडही वाणाला पुरतं. त्याच्या पहिल्याच घोसाला पिशवी आणि दोरा बांधा, आणि त्या घोसातलं एकही फळ स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.